नेहरूंचे सुरक्षा अधिकारी : रुस्तमजी

पंतप्रधान सभेला येतात, तेव्हा सर्व लोक त्यांच्याकडे पाहतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या अंगरक्षकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो मात्र सगळ्यांकडे पाहत असतो. कोण पुढे घुसतो आहे, कोणाच्या हातात काय आहे, यावर त्याची नजर असते. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या सुरक्षेची अशी जबाबदारी सहा वर्षे सांभाळणारे अधिकारी म्हणजे खुसरो फरामुर्झ रुस्तमजी.

रुस्तमजींचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. १९३८ साली ते पोलीस सेवेत दाखल झाले. १९५२ मध्ये पंतप्रधानांच्या सुरक्षेचे काम त्यांच्याकडे आले.

हे काम सोपे नव्हते. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली होती. मारेकरी गर्दीतूनच त्यांच्याजवळ आला होता. ही गोष्ट कोणीही विसरले नव्हते. पण नेहरूंना लोकांत मिसळायला आवडे. पोलिसांचा गराडा त्यांना आवडत नसे. लोकांना अडवले, तर पंतप्रधान रागावत. न अडवले, तर त्यांच्या जिवाला धोका! १९५५ साली नागपुरात एक माणूस चाकू घेऊन नेहरूंच्या उघड्या मोटारीवर चढला. सुदैवाने नेहरूंना इजा झाली नाही.

रुस्तमजी गर्दीत सतत सावध राहत. पण नेता आणि जनता यांच्यात भिंत उभी राहू नये, हेही त्यांना सांभाळावे लागे. या दिवसांच्या आठवणी त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख झाले. तेथे चंबळच्या खोऱ्यातील डाकूंशी त्यांना सामना करावा लागला. त्या काळी पाकिस्तानलगतच्या सीमेवर त्या त्या राज्याचे पोलीस पहारा देत. एप्रिल १९६५ मध्ये कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला झाला आणि ही व्यवस्था अपुरी असल्याचे दिसून आले. म्हणून १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजीच होते. १९७४ पर्यंत त्यांनी हे दल घडवले.

निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. बिहारच्या तुरुंगांत त्यांना असे अनेक गरीब कैदी दिसले, ज्यांचा खटला वर्षानुवर्षे चाललाच नव्हता. जामिनासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. काही जण तर त्यांच्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ कोठडीत होते! रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये वर्तमानपत्रात याविषयी लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ‘हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य’ या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. हजारो कैद्यांची सुटका झाली.

१९९१ साली रुस्तमजींना ‘पद्मविभूषण’ हा किताब मिळाला. २००३ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी आधी देशाच्या पंतप्रधानाचे रक्षण केले, मग देशाच्या सीमेचे. शेवटी ज्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, अशा कैद्यांसाठी त्यांनी लेखणी उचलली. रक्षण केवळ बंदुकीने होत नाही, हे त्यांच्या जीवनावरून कळते.

शब्दार्थ
अंगरक्षक – मुहाफिज
सीमा – सरहद
गराडा – वेढा, घेरा
आरोपी – मुल्जिम
रोजनिशी – डायरी

स्वाध्याय
१. नेहरूंचे रक्षण करणे अवघड का होते?
२. सीमा सुरक्षा दलाची स्थापना का करावी लागली?
३. रुस्तमजींच्या लेखांमुळे काय घडले?
४. ‘रक्षण केवळ बंदुकीने होत नाही’ या वाक्यावर पाच ओळी लिहा.