आषाढातली रात्र आणि गळाचा मासा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून ओढे तांबड्या पाण्याने भरून वाहू लागले, की मुळशी तालुक्यातील जांबे, नेरे, मारुंजी या बाजूच्या गावांत पेरणीच्या लगबगीबरोबर आणखी एक लगबग सुरू होते. वर्षभर आढ्याला खोचून ठेवलेल्या गळाच्या काठ्या खाली उतरतात, तंगूस तपासला जातो, गंजलेले गळ घासले जातात. या भागात आता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. हिंजवडीची कार्यालये रात्रभर दिव्यांनी उजळलेली असतात. तरीही जांब्याच्या पश्चिमेला असलेल्या कासारसाईच्या तलावाकाठी पावसाळी रात्री एखादी बॅटरी मिणमिणताना दिसते. कोणीतरी घोंगडे पांघरून गळ टाकून बसलेले असते.

कला शाखेच्या वार्षिकांकात मासेमारीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही प्राध्यापकांना पडेल. त्याला एवढेच उत्तर आहे की, हा विषय जितका प्राणिशास्त्राचा तितकाच भाषेचा, इतिहासाचा आणि नीतीचाही आहे. पावसाळ्यात मासा गळाला चांगला लागतो. पण तोच त्याच्या विणीचा काळ. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. हे मासे कोणते?

आपल्या तलावांत गळाला लागणारे बहुतेक मोठे मासे कार्प कुळातील असतात. कटला, रोहू आणि मृगळ हे त्यांतले तीन प्रमुख. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. हे तिघेही मूळचे दख्खनचे नव्हेत. ते गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज सोडून त्यांना आपल्या धरणांत आणले गेले. सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, तर परदेशी पाहुणा. त्याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली आणि दुसरी १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आली. चांदेरी कार्प आणि गवत्या कार्प हे १९५९ मध्ये आपल्या देशात आले.

मग आपले स्वतःचे असे काहीच नाही काय? आहे. महसीर आणि कोळस हे याच कुळातले मासे सह्याद्रीच्या नद्यांचे मूळ रहिवासी आहेत. कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. मुळा-मुठेच्या महसीरला त्याने ‘खुद्री’ आणि दुसऱ्या एका माशाला ‘कोलुस’ असे विशेषनाम दिले. ही नावे लॅटिन नाहीत. येथल्या मासे धरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द त्याने जसे ऐकले तसे लिहून घेतले. आज जगातला कोणताही प्राणिशास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो, तेव्हा तो नकळत आपल्या नदीकाठचा शब्द उच्चारतो. नदीच्या पात्रात मात्र आता शहराचे सांडपाणी वाहते. शब्द टिकला, पाणी टिकले नाही.

२. पावसात मासा काठाला का येतो?

याची कारणे साधी आहेत. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू पाण्यात राहू शकतो. उन्हाळ्यात तापलेल्या, आटलेल्या तलावात मासा सुस्त असतो. पावसाने आणि वाऱ्याने पाणी थंड होते, ढवळले जाते आणि माशाला हुशारी येते.

दुसरे कारण अन्नाचे. शेतातून, बांधावरून वाहत येणारे पाणी गांडुळे, किडे, धान्याचे दाणे असा मेवा काठाशी आणून टाकते. तिसरे कारण गढूळपणाचे. स्वच्छ पाण्यात मासा काठाला यायला भितो. गढूळ पाणी आणि रात्रीचा अंधार यांच्या आडोशाने तो हातभर पाण्यातही येतो. त्याला दिसत नसले तरी अडत नाही. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात; त्यांनी तो चिखलातली चव ओळखतो. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. म्हणून तो घास आधी तोंडात ओढून चाचपतो आणि नको असेल तर थुंकून टाकतो. गळाची काठी दोनदा हलून स्थिर होते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. या कुळातील माशांचा वाताशय लहान हाडांच्या साखळीने अंतर्कर्णाला जोडलेला असतो, त्यामुळे त्यांचे कान तिखट असतात. काठावर आपटलेले पाऊल त्यांना ऐकू जाते. जुनी माणसे गळ टाकल्यावर बोलू देत नसत, त्याला शास्त्राचा आधार आहे.

तथापि प्रत्येक पाऊस चांगला नव्हे. मुसळधार लोंढा येऊन पाणी चिखलासारखे दाट झाले, की मासा तोंड मिटून खोल जातो. भुरभुर पाऊस, मंद वारा आणि हळूहळू चढणारे पाणी ही खरी गळाची रात्र.

३. रात्रीची बैठक

प्रथम परवानगी. धरणांच्या तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि बीज सोडण्याचा खर्च त्याच करतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडणे होय.

जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. ओढा तलावाला मिळतो त्याच्या थोडे बाजूला, उथळ पाणी जेथे खोल होते तेथे मासा फिरतो. सायंकाळी तेथे चारा टाकावा : शेंगदाण्याची पेंड, भिजवलेला मका, कणीक. चारा थोडा असावा. पोट भरलेला मासा गळाकडे पाहत नाही. आमिष म्हणून कणकेचा घट्ट गोळा, मक्याचा दाणा किंवा गांडूळ चालते. पावसात कणीक लवकर विरघळते, म्हणून तिच्यात थोडे बेसन मिसळून ती घट्ट मळावी. शिसे तळाशी बसू द्यावे, तंगूस किंचित सैल ठेवावा आणि काठीच्या टोकाला लहान घंटी बांधावी. मग बसावे.

बसणे हाच या विद्येचा मोठा भाग आहे. पण बसण्यातही धोके असतात, ते नवख्याने समजून घेतले पाहिजेत. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवावी आणि तासातासाने पाहावी. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असेल, तर आपल्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी चढते. सांडव्याच्या खाली किंवा समोर कधीही बसू नये. विजा चमकू लागल्या की काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर व्हावे. हल्लीच्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते. एकट्या झाडाचा आसराही घेऊ नये. फुरसे आणि घोणस पावसात कोरड्या जागी येतात, म्हणून बसायच्या पथारीखाली आधी उजेड टाकावा. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. कोरडा कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा आणि एकट्याने कधीही जाऊ नये. मासा दुसऱ्या रात्रीही मिळतो.

४. जुन्या ग्रंथातला ‘मत्स्यविनोद’

गळाची विद्या इंग्रजांनी आणली असा एक समज आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरील प्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्ये निघाले आणि त्यात कार्पवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे खरे. पण त्याच्या पाचशे वर्षे आधी, सुमारे ११२९ मध्ये, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ येतो. खवल्यांचे मासे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले असे प्रकार, त्यांना कोणते खाद्य घालावे, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, याची माहिती त्यात आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादित केला. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर लेख लिहून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

याहून जुना एक आधार वेगळ्या दिशेचा आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात, तीन चातुर्मासी पौर्णिमांच्या वेळी आणि इतर काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा आहे. या तीन पौर्णिमांत आषाढी पौर्णिमाही येते असे अभ्यासक मानतात. अशोकाचा हेतू अहिंसेचा होता, हे उघड आहे. पण माशांना आषाढात अभय देणारी आज्ञा या देशात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. आपल्या घरांतून चातुर्मासात मासे वर्ज्य करण्याची रीत आहे, तिच्याकडेही या दृष्टीने पाहता येईल.

५. पोटातली अंडी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळ्यात, नदीला पूर येऊन उथळ काठ बुडतात तेव्हा होते. एका रोहूच्या मादीपोटी, तिच्या वजनाच्या किलोमागे, दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती १५ ते २० तासांत फुटतात. आपले देशी मासे तर पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत वर चढतात. ‘चढणीचा मासा’ हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे ज्या रात्री मासा काठाला येतो, त्याच रात्री तो पुढची पिढी पोटात घेऊन आलेला असतो.

एक अनुभव येथे सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी आषाढात मी माझ्या चुलत्यांबरोबर तलावावर गेलो होतो. रात्रभर भिजलो, हाती काही नाही. पहाटे घंटी वाजली आणि बऱ्याच झटापटीनंतर तीन-साडेतीन किलोची रोहू काठाला आली. पोट फुगलेले, हाताला मऊ लागणारे. तात्यांनी हात ओले केले, गळ काढला आणि तिला पाण्यात धरून ठेवले. ती सावरली तशी सोडून दिली. माझा चेहरा पाहून ते एवढेच म्हणाले, “गाभणी शेळी कुनी कापतं का रं?”

मी तेव्हा मनातून रागावलो होतो. पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचताना मला त्यांच्याविरुद्ध एक मुद्दा सापडला. रोहू साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाही. वाहत्या पुराचा स्पर्श झाला नाही, तर तिची अंडी पोटातच जिरून जातात. म्हणून तर पूर्वी या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, तेव्हा कोठे हे अवलंबन सुटले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तलावातला रोहू हा बीजकेंद्रातून येतो. मग ती एक मादी सोडून काय साधले?

हा युक्तिवाद मी सुट्टीत तात्यांपुढे मोठ्या हुशारीने मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, “आन् त्या राती वढ्याला लोंढा आला असंल तर?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचले की, पुराचे पाणी जोराने शिरते अशा काही जलाशयांत हे मासे खरोखरच वितात. बंगालातील बांकुडा आणि मेदिनीपूरच्या बांधांत तर पावसाचे पाणी आत घेऊनच त्यांची वीण घडवतात. शिवाय अंधारात गळाला लागलेली मादी रोहूचीच असेल असे नाही. ती कोळसाची असेल, तर तिला बीजकेंद्राचा आधार नाही. साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी चिकटवणारा सायप्रिनस त्या मानाने निर्धास्त आहे. तात्पर्य, पुस्तकातला नियम खरा होता, पण त्या रात्रीच्या पाण्याविषयी तो मला काहीच सांगत नव्हता. आणि जेथे ठाऊक नाही, तेथे सोडून देण्याची किंमत एका जेवणाइतकी आणि ठेवण्याची किंमत कदाचित लाखांची असते.

६. समारोप

इंग्लंडात नद्यांवर १५ मार्च ते १५ जूनपर्यंत विणीसाठी गळ बंद असतो आणि कार्पचे शौकीन रात्र रात्र बसून धरलेला मासा तोलून परत सोडतात. आपल्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर राखले जातात. म्हणजे कायदा, शौक आणि श्रद्धा हे तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले आहेत.

आपल्या तलावांकाठी बसणाऱ्या तरुणांनी यातून चार गोष्टी घ्याव्यात. संस्थेची परवानगी घ्यावी. आषाढात ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकू नये आणि चढणीचा मासा ओढ्यात आडवे जाळे लावून अडवू नये. फुगलेल्या पोटाची मादी ओल्या हातांनी, अंगावरचा बुळबुळीत थर न पुसता सोडून द्यावी. तो थर हेच तिचे रोगापासूनचे चिलखत आहे. आणि ठेवायचाच असेल, तर घरी शिजेल तेवढाच मासा ठेवावा.

रात्रभर पावसात भिजून रिकाम्या हाताने घरी येणे कोणालाच आवडत नाही. मलाही आवडले नव्हते. तात्या आता थकले आहेत, तलावावर जात नाहीत. पण मृगाचा पाऊस पडला की अजूनही विचारतात, “वढ्याला पानी आलं का?” मी सांगतो, आले. ते मान हलवतात आणि म्हणतात, “मग पंधरा दीस काठ्या वरच राहू दे.”