पीक संरक्षणाची बंदूक आणि शस्त्र कायदा

सिन्नर तालुक्यात मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकरी बंधूंनो, आपल्या घरी पीक संरक्षणाची किंवा वडिलोपार्जित बंदूक असल्यास पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) संख्या : पूर्वी एका व्यक्तीस पिस्तूल धरून तीन बंदुका बाळगता येत. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. अखेर दोन ठरली. ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. जादा बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची एक वर्षाची मुदत संपलेली आहे.

२) वारसा : परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक मयत झाल्यास बंदूक विनाविलंब जमा करावी व वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. वारशानेही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही.

३) नूतनीकरण : परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली आहे.

४) वापर : पीक संरक्षणाचा परवाना मुख्यतः ठासणीच्या बंदुकीसाठी असतो. तो शिकारीचा परवाना नव्हे. बिबट्या व काळवीट यांना १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लग्न-वरातीत बार काढून जीवितास धोका निर्माण केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात.

परवान्यावरील नाव व तारीख आजच तपासावी.