गाणे सगळ्यांचे

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, आमचे गाव आहे. गावात एक लहानसे चर्च आहे. रविवारी सकाळी घंटा झाली की मंडळी जमते. पुढे सतरंजीवर पेटी, तबला आणि झांजा मांडलेल्या असतात.

पूर्वी परदेशी मिशनऱ्यांनी आपल्याकडच्या गीतांचे मराठी केले. चाली मात्र विलायतीच राहिल्या. खेड्यातल्या माणसाच्या तोंडी त्या नीट बसत नसत. पुढे कृ. र. सांगळे, नारायण वामन टिळक अशा कवींनी देशी चालींत गीते रचली. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचे फार प्रेम. त्यांनी येशूची भक्ती अभंगांत आणि पदांत गायिली. त्यांची गीते 'उपासना संगीत' या पुस्तकात आहेत. ती आजही चर्चमध्ये म्हणतात.

भजनात प्रत्येकाला काम असते. एक जण कडवे सांगतो, बाकीचे धृपद धरतात. तेवढी एक ओळ आली की नवखा माणूसही गाऊ लागतो. लहान मुले टाळ्यांनी ताल धरतात. जरा मोठी झाली की हाती झांज येते. पेटीला दोन्ही हात लागतात. एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर. हे शिकायला वय आड येत नाही. रोजचा सराव मात्र हवा.

पण एकदा आमच्या हातून चूक झाली. नाताळ जवळ आला होता. संध्याकाळी तालीम चाले. एक आजी मुलांत येऊन बसायची. तिचा आवाज फाटका, सूर मागे राही. आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही नुसतं ऐका." आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

चौथ्या दिवशी तालमीत वीज गेली. पुस्तके दिसेनात. पहिले कडवे कसेबसे झाले. दुसरे कुणालाच येईना, आम्हालाही नाही! तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आजीला सगळं पाठ आहे."

आम्ही खजील झालो. कंदील घेऊन आजीच्या घरी गेलो. "आजी, आमचं चुकलं. चला."

आजी म्हणाली, "येते. पण गुरुजी, मला ते पुस्तक वाचायला शिकवा. जन्मभर म्हणत आले, पण कुठली ओळ कुठं आहे ते ठावं नाही."

आम्ही तिच्या आवडत्या गीताचे धृपद मोठ्या अक्षरांत लिहिले. आजी गाई आणि शब्दांखालून बोट सरकवी. तोच शब्द पुढच्या कडव्यात दिसला की लगेच ओळखी. नाताळात तिने धृपद वाचून म्हटले. पाऊस सुरू व्हायच्या आत तिला सारे गीत वाचता येऊ लागले.

तिचा सूर अजून मागे राहतो. आम्ही आता पेटी जरा सावकाश वाजवतो.

वाचकहो, तुम्हालाही एखादी ओवी, अभंग किंवा गीत पाठ असेलच. ते कुणाकडून तरी मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. गात गात त्यावरून बोट फिरवा.

शब्दांचे अर्थ
धृपद – गीतात पुन्हा पुन्हा येणारी ओळ
भाता – पेटीत हवा भरणारा भाग
खजील होणे – मनात लाज वाटणे

प्रश्न
१. आजीने तालमीला येणे का सोडले?
२. वीज गेल्यावर सगळे का अडले?
३. तुमच्या घरात कुणाला गाणी पाठ आहेत? त्यांतली एक ओळ लिहा.