हातपंपाची घडण : सुधारत जाणाऱ्या पथकाचा धडा

विंधन विहीर खोदली, पंप बसविला आणि काही महिन्यांतच दांडा निखळला, हा अनुभव १९७० च्या सुमारास देशातील असंख्य गावांना आला. त्या काळचे बिडाचे पंप एखाद्या कुटुंबाच्या गरजेपुरते घडविलेल्या नमुन्यांवर बेतलेले होते. साऱ्या गावाच्या घागरी भरण्याचा भार त्यांना पेलवेना. पंप बंद पडला की गावातील स्त्रियांना पुन्हा दूरचा पाणवठा गाठावा लागे. तेव्हा नवे पंप पुरवून प्रश्न सुटणारा नव्हता. पंपाची रचनाच बदलणे आवश्यक होते.

या बदलाचा प्रारंभ महाराष्ट्रात झाला. जालना येथे मिशनच्या कार्यकर्त्यांनी एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पोलादी पंप तयार केला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. सोलापूरचा नमुना आधारभूत मानून शासन, युनिसेफ, संशोधक आणि कारखानदार यांनी ‘इंडिया मार्क-२’ सिद्ध केला. कोइमतूर परिसरातील खोल विहिरींवर, म्हणजे जेथे पंपाची खरी कसोटी लागते तेथे, त्याची चाचणी घेण्यात आली. १९७७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरले.

दुरुस्तीतून सुधारणा

मानक ठरले म्हणून काम थांबले नाही. पंप मजबूत होता. परंतु विहिरीतील दट्ट्याचे चामडी वॉशर झिजले की संपूर्ण नळ वर काढावा लागे. त्यासाठी गाडी व प्रशिक्षित पथक यांची वाट पाहणे गावाला भाग पडे. १९८३ ते १९८८ या काळात कोइमतूर येथे पुन्हा प्रयोग झाले. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वॉशर अधिक टिकाऊ ठरले. नळ रुंद केल्याने तो न काढता दट्ट्या वर घेता येऊ लागला. हाच ‘मार्क-३’ होय. रुंद नळ मात्र अधिक जड व महाग पडतो. म्हणून खोली आणि खर्च पाहूनच निवड करणे इष्ट ठरते.

नोंदवहीचे महत्त्व

रचनाकारांचे पथक केवळ बुद्धिमत्तेने प्रगत होत नाही. कोणता भाग, किती वापरानंतर व कशामुळे निकामी झाला, ही माहिती त्याच्यापर्यंत नियमितपणे पोहोचावी लागते. ग्रामपंचायतीने प्रत्येक पंपासाठी बिघाडाची तारीख, बदललेला भाग, कारण आणि पंप बंद राहिलेले दिवस यांची नोंदवही ठेवावी. या साध्या नोंदींतूनच पुढील सुधारणेची दिशा मिळते.