प्लास्टिकचा चुरा आणि आपले शरीर

प्लास्टिकची जुनी बादली अंगणात उन्हात पडून राहिली, की ती कडक होते. नुसते बोट दाबले तरी तुकडा मोडतो. ऊन-पावसाने त्या तुकड्याचे आणखी तुकडे होतात. लाकूड कुजते, त्याची माती होते. प्लास्टिक तसे कुजत नाही. त्याचा नुसता चुरा होत जातो.

पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मसुराच्या दाण्यापेक्षा, लहान कणांना शास्त्रज्ञ मायक्रोप्लास्टिक म्हणतात. त्यातले पुष्कळ कण तर डोळ्यांना दिसतच नाहीत. केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढेही काही कण असतात.

पाणी, अन्न आणि हवा यांतून हे कण आपल्या आत जातात. सन २०२२ मध्ये नेदरलँड्स देशातल्या शास्त्रज्ञांनी २२ जणांचे रक्त तपासल्याचे जाहीर केले. १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. ही सगळी धडधाकट माणसे होती बरं का!

रक्तात गेल्यावर पुढे काय होते? आपल्या रक्तात प्रथिने असतात. कण आला की प्रथिने त्याला चिकटतात. कांद्याचा काप बेसनात बुडवून काढला, म्हणजे कांदा दिसत नाही, पीठ दिसते. तसेच इथे होते. शरीराला आतले प्लास्टिक दिसत नाही, वरची प्रथिने दिसतात. शिवाय चिकटताना काही प्रथिनांचा आकार बिघडतो. प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर चालते. किल्ली वाकली तर कुलूप उघडेल का?

भिंत विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. पण वीट मुकी असते, पेशी जिवंत असते. ती खाते, कचरा काढते, शेजारणींना निरोप धाडते. प्रथिनांनी मढलेला कण जवळ आला, की पेशी त्याला पोटात घेते. तिच्या आत पाचक रसांच्या लहान लहान पिशव्या आहेत. त्यांत जंतूसुद्धा विरघळतो. प्लास्टिक मात्र विरघळत नाही, तसेच पडून राहते. प्रयोगशाळेत पेशींवर असे कण पुष्कळ घातले, तेव्हा पेशींना दाह झाला, काही मेल्या. अर्थात प्रयोगात घातलेले कण बहुधा आपल्या शरीरातल्यापेक्षा जास्त असतात, हेही आपण ध्यानात ठेवू.

सन २०२४ मध्ये इटलीतून एक बातमी आली. मानेतल्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर काढलेले रोगी डॉक्टरांनी सुमारे तीन वर्षे पाहिले. ज्यांच्या थरात प्लास्टिक होते, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू जास्त झाले. प्लास्टिकमुळेच झाले, असे यावरून म्हणता येत नाही. पण दुर्लक्ष करावे अशी ही गोष्ट नाही.

आता घरातले सांगतो. उष्णतेने प्लास्टिकमधून कण जास्त सुटतात. आयर्लंडच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली हे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांवर दाखवले. म्हणून पातळ पिशवीत गरम चहा आणू नये, किटली न्यावी. बाळाला पावडरचे दूध द्यावे लागत असेल, तर बाटली उकळणे सोडू नका; जंतूंचे भय मोठे आहे. उकळलेली बाटली निवू द्या. मग उकळून गार केलेल्या पाण्याने ती दोन-तीनदा विसळा. दूध स्टीलच्या स्वच्छ भांड्यात कालवा, कोमट झाले की मगच बाटलीत ओता.