वळण, वेग आणि वाहनाचा तोल

पनवेल हे कोकणाचे आणि घाटमाथ्याचे दार होय. मुंबई-पुणे जुना महामार्ग, पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, उरणकडील जवाहरलाल नेहरू बंदराचा रस्ता आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग यांची गुंफण याच तालुक्यात झाली आहे. १९८९ मध्ये बंदर कार्यान्वित झाल्यापासून कंटेनरवाहू ट्रेलरांची रहदारी वाढत गेली. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या रसायनवाहू टँकरांची त्यात भर पडली. या वाहनांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका टकरीचा नसून उलटण्याचा आहे.

त्यामागील शास्त्र शाळेतील मुलांनाही समजावून देता येईल. पाटीवर एक काड्यापेटी आडवी व दुसरी उभी ठेवावी आणि पाटी हळूहळू कलती करावी. आडवी पेटी घसरते, उभी पेटी कोलमडते. मोटारगाडी ही आडवी पेटी होय. वळणावर वेग अती झाला, तर तिची चाके बहुधा आधी घसरतात आणि चालकाला निदान इशारा मिळतो. भरलेला ट्रक ही उभी पेटी. त्याचा गुरुत्वमध्य उंच असल्याने चाके घसरण्यापूर्वीच तो कलंडतो. ट्रेलरच्या बाबतीत तर मागच्या भागाची चाके उचलली गेल्याचे पुढे बसलेल्या चालकाला जाणवतही नाही. जाणवते तेव्हा सावरण्याची वेळ टळून गेलेली असते.

आता वेगाचा हिशेब पाहू. वळणावर वाहनाला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वळणाची त्रिज्या ६० मीटर धरली, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला हा जोर वाहनाच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के असतो, ५० ला ३३ टक्के आणि ६० ला ४७ टक्के. वेग दीडपट झाला, पण जोर सव्वादोनपट. गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटर उंच आणि बाहेरची चाके वाहनाच्या मध्यरेषेपासून ९० सेंटिमीटरवर असतील, तर तोल जाण्याची मर्यादा ४५ टक्के येते. रस्त्याला आतल्या बाजूस दिलेला उतार थोडी मदत करतो हे खरे. परंतु टायर व स्प्रिंगा दबून वाहन बाहेर झुकते आणि मर्यादा आणखी खाली येते. ताशी दहा किलोमीटरची घाई किती महागात पडते ते या आकड्यांवरून दिसेल.

अर्धवट भरलेला टँकर पूर्ण भरलेल्याहून अवघड. आतील द्रव वळणावर एका अंगाला धावतो आणि ओझेच जागा बदलते. टाकीतील आडवे पडदे द्रवाचे पुढे-मागे हेलकावणे रोखतात. बाजूच्या हेलकाव्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांच्या कड्या नीट बसल्या आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वी पाहण्यास दोन मिनिटे पुरतात, पण तेवढीही उसंत घेतली जात नाही.

सरळ रस्त्यावरही वाहन उलटते. चाक साईडपट्टीच्या मऊ मातीत उतरते, चालक दचकून स्टिअरिंग झटक्याने फिरवतो आणि वाहन आडवे होते. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरून, वेग कमी होऊ देऊन मगच सावकाश वर यावे. बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणे हा तर जिवाशी खेळ आहे. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे हाच त्यावर उपाय.

थांबलेले वाहनही काळ ठरते. ५ जून २०१६ रोजी शेडुंगजवळ द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबलेल्या दोन मोटारींवर बस आदळली, वाहने खड्ड्यात कोसळली आणि १७ जण दगावले. जुलै २०२४ मध्ये आषाढीसाठी पंढरपूरला निघालेल्या भाविकांची बस पनवेलजवळ याच मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जणांचा बळी गेला. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे, हे लगतच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत सांगितलेच पाहिजे. वाहन बंद पडल्यास मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवून माणसांनी कठड्यापलीकडे उभे राहावे.

टँकर उलटला की गावकरी धाव घेतात. कोणी मदतीला, तर कोणी डबे घेऊन. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ पुलावर उलटलेल्या टँकरमधील मिथेनॉल पेटले, आग खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचली आणि चौघांचा मृत्यू झाला. मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दूर उभे राहून टँकरवरील धोकासूचक फलकाचा क्रमांक वाचावा आणि ११२ वर कळवावा. जखमींसाठी १०८ आहे. जखमींना रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसे संरक्षण दिले आहे.