चावीच्या धंद्यात पैसा कुठे?

प्रश्न : बारावी झालेल्या मुलाला चावीवाल्याचं काम शिकायचंय. पोटापुरतं सुटेल का?

उत्तर : सुटेल, पण नुसत्या डुप्लिकेट चाव्यांवर नाही. कोऱ्या चावीला कानस मारून नक्कल काढणारे नाक्यानाक्यावर बसलेत. तिथे भाव वाढवायला जागाच नाही. खरी कमाई गाडीच्या चिपवाल्या चावीत. तिची चिप गाडीच्या इमोबिलायझरने ओळखली नाही, तर चावी फिरूनही इंजिन चालू होत नाही. चिप गाडीशी जुळवायचं मशिन महाग, नव्या मॉडेलांसाठी अपडेटही घ्यावे लागतात. त्यामुळे मजुरी चांगली मिळते. अपरात्री अडकलेलं दार उघडायचे जास्त पैसे लोक कुरकुरत का होईना, देतात. मात्र ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुलपाला हात लावू नये. आधी उस्तादाकडे हात बसू द्या, मशिनसाठी कर्ज नंतर काढा.